मनकर्णाबाई हवा खायले गेली

आदिलाबादकडच्या बोथच्या बाजारात मनकर्णाबाईकडून मेथीची जुडी घ्यायची असंन, तं आधी बाईचं तोंड पाहावं लागे. तोंड फुगलेलं असलं तं जुडी बारीक. तोंड बरं असलं तं जुडी जाड, आन् वरून कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट. भाव कमी कर म्हणायची तं कोणाची छातीच नव्हती. तेलुगू गिऱ्हाईक ‘येंतम्मा?’ म्हणून भाव विचारत आलं का बाई तेलुगूत डाफरे, हिंदीवालं आलं का हिंदीत. मराठी तं घरचीच, तिच्यात डाफरायले काय लागते? आन् तरी लोकं तिच्याचपासून भाजी घेत. काऊन का मेथीत माती नसे, आन् डाफरण्यात खोट नसे.

असा हा राग. आन् या रागाले अख्ख्या बोथात एकाच माणसापुढं कुलूप होतं. तो म्हंजे नागोराव, तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आता आपल्याकडं धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यासंग सरळ बोलायचं नाई, हे सगळ्यायले माहीत हाय. पदर कपाळापर्यंत वढायचा, मान खाली घालायची, आन् जे काय असंन ते नवऱ्याले सांगायचं. नवरा मंग भावाले सांगीन. नवरा घरी नसला तं ओसरीच्या खांबाले सांगायचं. भासरा जवळच बसलेला असते, आयकून घेते. मनकर्णाबाईनं वीस-बावीस वर्सं त्या खांबाले इतकं काय काय सांगितलं होतं, का दुसरा एखादा खांब असता तं कवाच वाकला असता.

आन् नवरा? अमृतराव. गोड माणूस हो! इतका गोड का मुंग्या लागाव्या. बायकोच्या तोंडातून निघालेली मिरची याच्या तोंडातून जाऊन भावाच्या कानात पडेपर्यंत गूळ होऊन जाये.

“म्हना त्यायले,” मनकर्णाबाई पदराआडून म्हणे, “आमचं इंजन विहिरीवर नेता, तं डिझेल बी तुमच्या घरचं घालत जा. का थे बी आमच्याच मेथीवर चालते?”

“दादा,” अमृतराव म्हणे, “थे म्हनते का इंजन आपलंच समजा.”

नागोराव मिशीवरून हात फिरवे. “समजदार हाय तुही बायको, अमृता.”

आता सांगा, अशा घरात बाईचं डोस्कं भडकणार नाई तं काय होणार?

दोघं भाऊ वेगळे निघाले होते, वाटे झाले होते, पण घरं भिंतीले भिंत आन् ओसरी एकच. अमृतरावची भाजीची वाडी नाल्याच्या काठानं. तिथं सासूच्या वेळेपासूनची एक रीत होती : वांगे, भेंडी, टमाटे नवऱ्याचे, मेथी, पालक, कोथिंबीर बायकोचे. बायकोच्या वाफ्याचा पैसा बायकोचा, त्यात कोणी हात घालायचा नाई. पोरगी लग्न होऊन किनवटले गेली, पोरगा आदिलाबादच्या हॉस्टेलात शिकायले ठेवला, तवापासून मनकर्णाबाईनं हा पैसा एका डालड्याच्या डब्यात टाकायले सुरुवात केली. डबा तुरीच्या कणगीत पुरलेला. अमृतरावले माहीत होतं, पण तो कणगीकडं बघे सुद्धा नाई. भला माणूस हाय, ते म्हणूनच म्हणलं.

डबा कायसाठी? तं बाईले एकडाव घर सोडून कुठंतरी जायचं होतं. देव पाहायले नाई, दर्या पाहायले नाई. तिले एकच पाहायचं होतं : सकाळी आपण अंथरुणातच हावो, आन् दुसरं कोणीतरी चहा करून हातात आणून देते. बस. चौदाव्या वर्सी लग्न झालं तवापासून घरात सगळ्यात आधी चूल तिनंच पेटवली. आजारी असली तरी तिनंच. हे तिनं फक्त तुळजाबाईले सांगितलं होतं. तुळजाबाई म्हंजे बाजारात तिच्या बाजूले बांगड्यायचं दुकान मांडणारी तिची मैत्रीण. ते आयकून तुळजाबाई हासली नाई, आन् तुळजाबाईनं न हासणं म्हंजे मोठीच गोष्ट होती.

पण नुसता चहा प्यायले कोण जाऊ देते? घरातून पाय काढायचा तं देवाचं नाव घ्यावं लागते. म्हून अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, विहीर तळाले गेली, वाफे मोकळे होत आले, तसं मनकर्णाबाईनं जाहीर केलं, “आपून नाशिक-त्र्यंबकले जाऊ.”

“परवडीन का वं?” अमृतराव म्हणाला. त्याचं बी मन होतं, चेहऱ्यावरून दिसे.

“बसा इथं. पाहू परवडते का.”

बाईले लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशेब तिचा पक्का. डब्यातल्या नोटा तिनं आधीच मोजून ठेवल्या होत्या. एक चिंचोका म्हंजे दहा रुपये, असे तेवढे चिंचोके तिनं टोपल्यातून मोजून ओसरीवर ओतले आन् एक-एक ढीग वेगळा काढत गेली. “हे पुढच्या बियान्याचे, याले हात लावाचा नाई. हे इंजनच्या दुरुस्तीचे. हे पोट्ट्याच्या हॉस्टेलचे. हे घरात कोनी आजारी पडलं तं. आता राह्यले थे पाहा.” राहिलेल्यातून बसचे काढले, धर्मशाळेचे काढले, जेवणाचे काढले, पोरीले एक लुगडं काढलं. आन् सगळं काढून जमिनीवर मूठभर चिंचोके अजून उरले होते!

अमृतराव त्या उरलेल्या चिंचोक्यायकडं असा पाहे का जसं काय त्यायले आत्ता मोड येतीन. “परवडते वं!”

“मंग? मी काय खोटं बोलते का?”

आन् तेवढ्यात पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मनकर्णाबाईनं पदर वढला. नागोराव येऊन बाजंवर बसला, ढीग पाहिले, सगळं विचारून घेतलं. मान डोलावली. आन् मंग म्हणाला, “सगळं झालं अमृता. पन मावंदं कुठं हाय?”

मावंदं! मोठ्या यात्रेहून माणूस आला का त्यानं भावकीले, गावाले जेवू घालायचं. नाई घातलं तं यात्रा पुरी होत नाई म्हणतात. कोण म्हणते, तं ज्यायले जेवायचं असते ते म्हणतात.

नागोरावनं चिंचोक्याच्या टोपल्यातच हात घातला. “हे भावकीचं जेवन.” एक मूठ ओतली. “हे गावाचं.” दुसरी मूठ. “घरच्या लेकी-बाळी येतीन, त्यायचे लुगडे.” तिसरी. “बुंदी पाडावी लागंन, आचारी लागंन. पंगतीले भाजी वांग्याची करू. वांगे तुह्या घरचेच हायेत, थे काई मी धरत नाई.”

मोठं मन हो माणसाचं! वांगे सोडून दिले.

यात्रेचा ढीग एवढासा, आन् त्याच्या बाजूले मावंद्याचा ढीग हा एवढा. मनकर्णाबाई पदराआडून पाहत होती आन् तिचे कान तापून लाल झाले.

“म्हना त्यायले,” ती म्हणाली, “यात्रा आमची हाय, का त्यायच्या पोटाची?”

अमृतरावनं एक चिंचोका उचलून पुन्हा खाली ठेवला. “दादा, थे म्हनते… तुमचं बरोबर हाय.”

“हायच तं!” नागोराव उठला. “मी काशीहून आलो तवा मीनं नाई केलं का? अजून लोकं नाव काढतात.”

काशीचं नाव काढलं, आन् बाईच्या रागात रॉकेलच पडलं. नागोराव काशीहून आला तवा मनकर्णाबाई सात महिन्याची पोटुशी होती. सकाळपासून चुलीपुढं बसून तिनं पुऱ्या लाटल्या, तळल्या. पंगतीमागून पंगती उठल्या. शेवटी बायका जेवायले बसल्या तवा तिच्या पानात थंडी पुरी आन् भाजीचा नुसता रस्सा. आन् काशीच्या गंगेचं पाणी सगळ्यायच्या तळहातावर थेंब-थेंब देत आणलं, ते तिच्यापाशी येऊन थांबलं. “सरली गंगा,” नागोराव म्हणाला होता, रिकामी लोटी हालवत. बस, एवढंच. त्याले तं ते आठवत बी नसंन. हिच्या मनात मात्र ती लोटी अजून तशीच हाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत तिनं नवऱ्याले धरलं. अमृतराव वाळलेले वेल वढत होता.

“तुमी काऊन बोलले नाई?”

“काय बोलू?”

“मी जे सांगतलं थे!”

“दादा हाय थो. मोठा हाय. त्याले कसं म्हनू का पोटाची यात्रा?”

“मंग माह्या तोंडात कायले जीभ हाय? मी बोलाचं आन् तुमी त्याचा गुलकंद कराचा!”

“पुढच्या साली जाऊ, मनकर्णे.”

“पुढच्या साली भावकी कमी खाईन का? हे पाहा, जायचे पैसे हायत, पन जेवू घालाचे नाईत, म्हून जायचं नाई. असं कुठं असते का हो? भूक लागली तं जेवाचं नाई, काऊन का शेजाऱ्याले आंबट ढेकर येईन!”

अमृतराव हासला. त्यानं हासायले नको होतं. त्या दिवशीपासून चार रोज मनकर्णाबाई त्याच्यासंग म्हशीमार्फत बोलली. “म्हशी, तुह्या मालकाले सांग, भाकर झाकून ठेवली हाय.” आन् बाजारात तं काय सांगता! जुड्या इतक्या बारीक झाल्या का मंडल हापिसातला कारकून म्हणाला, “मनकर्णाबाई, ही मेथी हाय का गंडा बांधायचा दोरा?” बाईनं त्याच्याकडं असं पाहिलं का बिचारा पैसे देऊन मेथी तिथंच विसरून गेला.

तुळजाबाई बांगड्या मांडता मांडता सगळं पाहत होती. “काय वं, गावाले काऊन खाऊन राह्यली? ज्याले खायचं त्याले खाय ना.”

“त्याले खाता येत असतं तं…” मनकर्णाबाईनं पालकाच्या जुडीचं नरडं आवळलं. “मले एक सांग तुळजे. मावंदं कायचं असते?”

“देवाचं.”

“देव पाह्यला म्हून?”

“हो तं.”

“मंग जिथं देवच नाई तिथं गेलं तं?”

तुळजाबाईच्या हातातली बांगडी तशीच राह्यली. तिचा जावई अमरावतीले जंगल खात्यात होता, आन् मागच्या उन्हाळ्यात त्यानं सासूले दोन रोज चिखलदऱ्याले नेलं होतं. पहाडावर, थंड हवेले. “अवं, चिखलदरा! तिथं काईच नाई. दऱ्या हायत. लोकं जातात, दरीत पाह्यतात, वापस येतात. मे महिन्यात गोधडी घ्यावी लागते.”

“देव?”

“माह्या जावयानं तं दाखवला नाई.”

“चहा?”

“खोलीत आनून देतात,” तुळजाबाई म्हणाली. आन् मैत्रिणीच्या तोंडाकडं पाहून तिनं पटकन बांगड्या खाली ठेवल्या, काऊन का त्या तोंडावर किती रोजानं हासू आलं होतं.

ओसरीवर पुन्हा चिंचोके मांडले गेले. बस, लॉज, जेवण. चिखलदरा नाशिकपेक्षा जवळ, तं मूठभर नाई, चांगले दोन मुठी उरले. नागोरावनं आयकलं आन् बाजंवर उठून बसला.

“देव नाई तं कायले चाल्लेत?”

“म्हना त्यायले, हवा खायले.”

“दादा, थे म्हनते… हवा खायले,” अमृतराव म्हणाला. याचा गूळ कसा करायचा हे त्याले सुचलंच नाई.

“हवा! हवा तं वाडीतबी हाय! पैसे लावून हवा खातात का कोनी? आपल्या सात पिढ्यायत कोनी हवा खायले गेलं नाई. लोकं काय म्हनतीन?”

“म्हना त्यायले, लोकायले पानात वाढलं नाई का लोकं काईबी म्हनतात.”

अमृतराव ढीग सारखे करायले लागला. पण नागोरावनं ते सरळच आयकलं होतं. त्याची मिशी थरथरली. पाचही बोटं त्यानं टोपल्यात घातले, पण मूठ भरायले कारण सापडंना. चिंचोके तसेच बोटातून गळाले. बाईनं ते पदराआडून पाहिलं, आन् चार रोजाच्या रागात पहिल्यांदा थोडं थंड पाणी पडलं.

“बरं,” नागोराव म्हणाला. “जा. पन आयकून घे अमृता. तिथं एक बी देवळात गेलास, एका बी देवाले हात जोडलास, तं यात्रा झाली. मंग मावंदं लागंन. पूर्ण लागंन. भावकीपुढं बोलून राह्यलो.”

“म्हना त्यायले, जोडत नाई!”

बोथहून इच्चोड्याले आले, तिथून आदिलाबाद, यवतमाळ, अमरावती, अशा बसा बदलत बदलत दोघं परतवाड्याच्या पुढं घाटात शिरले. तिथं हवा अशी गार लागली का अमृतरावनं उपरणं कानाले गुंडाळलं. रस्त्यात लागलेल्या प्रत्येक देवळाशी मनकर्णाबाई नवऱ्याच्या हातात काईतरी देऊन ठेवे : थैली धरा, लोटा धरा, छत्री धरा. काऊन का अमृतरावचे हात कसे होते, देऊळ दिसलं का आपोआप वर जात. बैलाची शेपटी माशी दिसल्यावर हालते ना, तसे.

लॉज साधंच होतं, चुन्याच्या भिंती, दोन खाटा. आन् दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मनकर्णाबाई सवयीनं उठून बसलीच होती, पण तिनं स्वतःले पुन्हा आडवं केलं, गोधडी गळ्यापर्यंत घेतली आन् म्हणाली, “या!”

एक म्हातारा नोकर आला. हातात दोन कप. “चाय, बाई.”

तिनं अंथरुणातच कप घेतला. घोट घेतला. “साखर कमी हाय.”

“अवं, राहू दे ना,” अमृतराव खाटेवरून कुजबुजला.

“काऊन राहू दे? पैसे देले हायत.”

म्हातारा कप वापस घेऊन गेला आन् साखर टाकून आणला. मनकर्णाबाईनं तो चहा असा पिला, जसं पाटील पंचायतीत बसून पिते. मंग म्हणाली, “आता जमला.” आन् सांगते तुमाले, त्या दिवशी तिनं दोपारी बी चहा मागितला, आन् संध्याकाळी बी. साखर ठीक होती तरी एकडाव वापस पाठवला.

सगळं असं छान चालू होतं, तं तिसऱ्या दिवशी पॉइंट दाखवणारा जीपवाला म्हणाला, “चला, आता देवी पॉइंट.”

“काय पॉइंट?”

“देवी. खाली उतरून गुफेत मंदिर आहे. लई जागृत आहे, मावशी. आधी उतरा.”

मनकर्णाबाईच्या तोंडातून तुळजाबाईच्या जावयाच्या नावानं जे निघालं, ते इथं लिहिण्यासारखं नाई. “आमाले नाई पाहायचं,” ती म्हणाली. पण जीपमधले बाकीचे लोकं उतरून चालले, जीपवाला बी उतरला. आन् अमृतराव! तो पायऱ्यायवर पोहोचला बी होता. त्याचे पाय निघाले का बाई त्याच्या मागं धावली. ती खाली पोहोचली तवा गुफेत वरून पाणी ठिबकत होतं, दिवा लागलेला, देवी शेंदरात लाल, आन् अमृतरावचे हात पोटाच्या वर, छातीच्या खाली आले होते. चार बोटाचं अंतर राह्यलं होतं.

तिनं झडप घातली. दोन्ही हातानं त्याचे दोन्ही हात धरले, आन् धरूनच ठेवले.

आता तुमी विचार करा. दोन पोरायचे मायबाप, अर्धे केस पांढरे, आन् देवळात सगळ्यायच्या देखत नवऱ्याचे दोन्ही हात हातात. त्यायच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी धरला असंन तेवढाच. जीपमधल्या परतवाड्याच्या दोन पोरी तोंडावर ओढणी घेऊन खिदळल्या. अमृतरावचे कान असे तापले का गुफेतल्या थेंबायची वाफ झाली असती.

“सोड वं! लोकं पाह्यतात!”

“पाहू द्या. जोडाल तं हजारो रुपयाची बुंदी पाडावी लागंन.”

आन् तशीच नवऱ्याचे हात धरून ती देवीकडं वळली. तिच्या मनात इतके रोज कोंडलेलं, आन् समोर बाईमाणूस. “बाई,” ती हळूच म्हणाली, “राग नको मानू. आमी तुले पाह्यलंच नाई असं समज. तूबी घर सोडून इथं थंडीत येऊन बसली ना? तुले कोनी इचारलं का, भावकीले जेवू घातलं का म्हून?” देवी काई बोलली नाई. पण तिचे डोळे मोठे होते, आन् मनकर्णाबाईले वाटलं, हिचं बी कोणासंग तरी वाजलेलं असंन.

गुफेतून निघून पायऱ्यायपाशी आल्यावरच तिनं हात सोडले. जीतली होती बाई! आन् वापसीच्या बसमध्ये, यवतमाळ मागं पडल्यावर, अमृतरावनं उपरण्याची गाठ सोडली, तं आत कागदाची पुडी. आत खोबऱ्याचे तुकडे.

“हे काय?”

“तू पुढं पायऱ्या चढत होती, तवा पुजाऱ्यानं मागून येऊन देले. प्रसाद हाय. एक तुकडा मीनं खाल्ला,” अमृतराव म्हणाला. “प्रसादाले नाई कसं म्हनाचं?”

मनकर्णाबाई उभीच राह्यली बसमध्ये. कंडक्टरले वाटलं का उतरायचं हाय, त्यानं घंटी मारली, बस थांबली. “चालू द्या!” ती ओरडली, आन् बस चालू झाली. “हात धरले मीनं, पन तोंड कोन धरीन तुमचं? तीन वर्सं वाफे खुरपले मीनं! आन् तुमी एका खोबऱ्याच्या तुकड्यानं…” पांढरकवड्यापर्यंत ती बोलली. पाठीमागच्या सीटवरची एक बाई मधेमधे “बरोबर हाय, बाई” म्हणत होती, कशाबद्दल ते तिले माहीत नसताना. पुडी खिडकीतून टाकून द्यायले हात गेला, पण प्रसाद टाकता येत नाई. मनकर्णाबाईले बी टाकता आला नाई. ती पुडी पाहत राह्यली. पाहत राह्यली, आन् मंग एकदम गप झाली. अमृतरावले भेव वाटलं ते तिच्या बोलण्याचं नाई, त्या गप होण्याचं.

घरी पोहोचले तं ओसरी भरलेली. नागोराव बाजंवर, भावकीतले बुढे सतरंजीवर, दाराशी नागोरावची बायको प्रयागबाई आन् चार-पाच बायका. नागोरावनं सगळ्यायले सांगून ठेवलं होतं, का पाहू या, कोणत्या देवाले जाऊन आले ते.

“या,” तो म्हणाला. “हवा खाल्ली? आता खरं सांग अमृता. देव होता का तिथं?”

अमृतरावनं बायकोकडं पाहिलं. पण त्या माणसाले खोटं बोलता येत असतं तं काय पाहिजे होतं. “होती दादा. देवी होती.”

सतरंजीवरचे बुढे हालले. नागोरावची मिशी वर गेली. “हात जोडले?”

“नाई.”

“देवीपुढं उभा राह्यला आन् हात जोडले नाई? तू? अमृता, तू तं पोस्टाच्या लाल पेटीले हात जोडते!”

“म्हना त्यायले…” मनकर्णाबाईनं सुरुवात केली, आन् थांबली. नवऱ्याचं तोंड पाहिलं. ते उघडंच होतं, आन् आत गूळ तयार होऊन राह्यला होता.

तिनं पदर कपाळावरून मागं सारला. मान वर केली. सतरंजीवरचे बुढे सावरून बसले.

“त्यायचे हात माह्या हातात होते,” ती सरळ नागोरावकडं पाहून म्हणाली. “दोनी हात. देवळातून भाईर येईपर्यंत सोडले नाई मीनं. आनखी काई इचाराचं हाय का?”

बायका दाराआड गेल्या आन् तिथून खोकल्याचे आवाज आले. नागोराव खांबाकडं पाहे, छपराकडं पाहे. भासऱ्याच्या तोंडावर, भावकीपुढं, धाकटी सून म्हणते का नवऱ्याचे हात धरून उभी होती!  

आन् तिथंच मिटलं असतं. पण अमृतराव म्हंजे अमृतराव. “दादा,” तो म्हणाला, “प्रसाद मात्र खाल्ला मीनं. एक तुकडा.”

“झालं!” नागोरावनं मांडीवर थाप मारली. “प्रसाद खाल्ला म्हंजे यात्रा झाली! मावंदं लागलं! मीनं म्हनलं होतं ना?”

“लागलं,” मनकर्णाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं पाहायले लागले. तिनं पिशवीतून ती पुडी काढली, ओसरीच्या कडेवर बसली आन् खोबऱ्याचे तुकडे खलबत्त्याच्या दगडानं फोडले. बारीक बारीक, मेथीच्या दाण्याएवढे. “त्यायनं तुकडा खाल्ला, तुमीबी तुकडा खा. जेवढी यात्रा तेवढंच मावंदं. हात पुढं करा.”

बुढे एकमेकायकडं पाहत राह्यले. पहिला हात आला तो दाराआडून, प्रयागबाईचा. मंग बाकीच्या बायकायचे. मंग सतरंजीवरचे. प्रसादाले नाई कोण म्हणणार? मनकर्णाबाई प्रत्येकाच्या तळहातावर कण ठेवत आली. एक कण तिनं मधातच स्वतःच्या तोंडात टाकला. शेवटी, दगडानं बी न फुटलेला, सगळ्यात मोठा, टणक तुकडा उरला होता, तो तिनं नागोरावपुढं धरला.

“घ्या. यावेळी सरलं नाई.”

त्याले लोटी आठवली का नाई, ते कोणाले समजलं नाई. पण त्यानं हात पुढं केला, आन् सगळी भावकी पाहत असताना तो तुकडा तोंडात टाकला. बसमध्ये उन्हानं खोबरं वाळून लाकूड झालं होतं. आन् नागोरावच्या दाढा अर्ध्याच राह्यल्या होत्या. प्रसाद थुंकता येत नाई, गिळता बी येत नव्हता. तो चावत राह्यला.

आन् तो चावत होता तेवढ्या वेळात मनकर्णाबाई बोलली. सरळ, तोंडावर, मधात ना खांब ना नवरा. सात महिन्याचं पोट घेऊन तळलेल्या पुऱ्या बोलली, पानातला रस्सा बोलली, रिकामी लोटी बोलली, इंजनचं डिझेल बोलली, मुठीमुठीनं ओतलेले चिंचोके बोलली. “आन् वांगे घरचेच हायत म्हनले तुमी! थे वांगे तुमचा भाऊ पाठ मोडून लावते, थे कोन धरीन?” ती बोलताना अमृतरावनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. सांगायचं काई उरलंच नव्हतं.

नागोराव चावतच होता.